वनाच्छादनाचा आकडा आणि झुडपी जंगल

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा वनस्थिती अहवाल १९८७ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी निघतो. त्यातला वनाच्छादनाचा आकडा आपण फळ्यावर लिहितो. वाढला की आनंद, घटला की चिंता. तो कोणत्या मापाने काढतात, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते.

एक हेक्टर वा अधिक जागेचा किमान दहा टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असला की ती वनाच्छादित. मग ती आमराई असो, निलगिरीची लागवड असो की मोह-तेंदूचे विरळ रान. देशभर एकच माप लावण्याची सोय आम्हाला मान्य आहे. आक्षेप पुढे आहे. छत्र दहा टक्क्यांहून कमी असलेल्या वनजमिनीला अहवाल झुडपी म्हणतो आणि तिची व्याख्याच 'ऱ्हास पावलेली' अशी करतो. ती मुळातच तशी असू शकेल, ही शक्यता या व्याख्येत बसत नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावच्या शिक्षकांना 'झुडपी जंगल' हा महसुली दप्तरातला शब्द नवा नसावा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. बरीचशी मुरमाड, गुरे चारण्याची. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक कसोटी मांडली: झाडांखाली सी-४ गटातले, म्हणजे उन्हावर वाढणारे गवत सलग असेल, तर ते वन नव्हे, सॅव्हाना. वणव्यात कोवळी रोपे जळतात. गवत मात्र पुन्हा उगवते, पळस आणि तेंदू मुळांतून फुटतात. सावली मात्र या गवताला सोसत नाही. दाट लागवड केली की छत्र मिटते, गवत जाते, चारा जातो आणि अहवालात प्रगतीची नोंद होते!

सगळेच झुडपी जंगल असे जुने सॅव्हाना नव्हे. काही ठिकाणी कुऱ्हाडीनेच रान विरळ झाले आहे. दोहोंतला फरक या आकड्यावरून कळत नाही, हीच अडचण.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच ठरवले. पर्यायी वनीकरणासाठी ते वापरायचे, तर वनेतर जमीन उपलब्ध नाही असे मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र लागेल. वृक्षारोपणाच्या मोहिमांना मात्र गावालगतची मोकळी जमीन अजून रिकामीच वाटते, आणि खड्डे खणायला बहुधा शाळाच पुढे असते.

पावसाळा सरला की मुलांना एक मीटरचा दोरीचा चौकोन घेऊन न्यावे. एकदा झुडपी जंगलात, एकदा जुन्या दाट लागवडीच्या सावलीत. दोन्हीकडे गवताच्या जाती मोजून वहीत लिहाव्यात, आणि कोणते गवत गुरे खातात ते गुराख्याला विचारावे.