खोगिराची बदनामी

‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी भर, असा अर्थ मराठीने रूढ केला आणि मराठा स्वारांच्या साजावर अन्याय केला. खोगीर शब्द फारसी. अर्थ घाम टिपणारे. ती भरतीच घोड्याची पाठ राखते. विलायती जीन सांगाड्यावर बेतलेले. स्वाराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंना विभागते, हे मान्य. पण त्याखालीही गादी लागतेच!

आमचे काही कादंबरीकार मात्र खोगीर, जीन, चारजामा सर्रास एकाच अर्थाने वापरतात. चारजाम्याला सांगाडाच नसतो. त्यावरची बैठक वेगळी. चारठाण्याकडच्या लेखकाला माळेगावच्या खंडोबा यात्रेतला घोडेबाजार काही परका नाही. तिथे साज हाताळून पाहावा, मग लढाई लिहावी.

पोशाखातही हाच घोळ. ‘साहेबी’ म्हणून हिणवली जाणारी घोडेस्वारीची विजार मुळात जोधपूरची; सर प्रतापसिंहांमुळे १८९० च्या दशकात ती इंग्लंडात पोचली.