ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती?

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापर्यंत आलो होतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होतं ते कधी? नैयायिक म्हणतात, सांगणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. आज हाच निकष आपण एका घरगुती मजकुराला लावून बघू: वनौषधींच्या गोळ्यांच्या डबीवरचं लेबल.

समजा, डबीवर लिहिलंय 'ब्राह्मी, ५०० मिलिग्रॅम'. आपण वाचतो आणि निश्चिंत होतो. पण महाराष्ट्रात कुंडीत ब्राह्मी म्हणून जी लावतात, जिची पानं तेलात उकळतात, ती बहुतेकदा गोलसर, कातरलेल्या कडांच्या पानांची असते. तिचं शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, कोथिंबिरीच्या कुळातली. भारताच्या अधिकृत आयुर्वेदिक फार्माकोपियात मात्र ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, पाणथळ जागची, बारीक मांसल पानांची. सेंटेलाला तिथे मंडूकपर्णी म्हटलंय. वनस्पती वेगळ्या, त्यांतली मुख्य द्रव्यंही वेगळी.

बोलीत एका नावाच्या दोन वनस्पती असणं हा काही दोष नाही. परसातलं पान तोडताना ते आपल्या डोळ्यांसमोर असतं. नाव चुकलं तरी पान चुकत नाही. डबीत मात्र हिरवट पूड असते. पान नाही, फूल नाही. ओळखीसाठी आपल्या हाती उरतं ते फक्त नाव.

लेबलं खोटं बोलतात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण इथे अडचण त्याच्या आधीची आहे, बरं का. नुसतं 'ब्राह्मी' लिहिणारं लेबल खोटंसुद्धा ठरवता येत नाही. आत सेंटेला निघाली तर म्हणता येतं, 'आमच्याकडे हिलाच ब्राह्मी म्हणतात.' बाकोपा निघाली तर, 'ग्रंथात हीच आहे.' दोन्ही बाजूंनी सुटका! असं विधान आपल्याला धीर देतं, माहिती देत नाही. ग्रंथाचा अधिकार उसना घ्यायचा आणि ग्रंथाची जबाबदारी मात्र टाळायची, असा हा व्यवहार आहे.

कुणी म्हणेल, प्राध्यापक शब्दांचा कीस पाडताहेत. तर बेल्जियमचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात चिनी वनौषधी दिल्या गेल्या. द्यायची होती स्टेफानिया टेट्रान्ड्रा. चिनीत हान फांगजी. तिच्या जागी गेली अरिस्टोलोकिया फांगची, म्हणजे ग्वांग फांगजी. नावात 'फांगजी' दोन्हीकडे. पण दुसरीत अरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते मूत्रपिंडाला घातक. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं बिघडली, त्यांत बहुतेक स्त्रिया. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. एका नावात दोन वनस्पती नांदतात तेव्हा किंमत कोण मोजतं, ते इथे दिसतं.

मग लॅटिन नाव छापलं की झालं का? नाही. लॅटिन नावाखालीही भलतीच पूड भरता येते. पण एक फरक पडतो. 'बाकोपा मोनिएरी' लिहिलं की लेबल बांधलं जातं. प्रयोगशाळेत पूड तपासून त्याला 'हे खोटं आहे' असं म्हणता येतं. लॅटिन नावानं खरेपणाची हमी मिळत नाही. खोटेपणा पकडण्याची सोय मिळते. आप्ताकडून आपण निदान एवढी तरी अपेक्षा करणारच.

आणि नावानंतर भाग हवा. 'अश्वगंधा' लिहिलं, पण मूळ की पान? परंपरेनं वापर मुख्यतः मुळाचा. भाग लिहिलाच नाही तर वनस्पती बरोबर असूनही वाक्य अर्धंच राहतं. तसंच चूर्ण की अर्क? ५०० मिलिग्रॅम चूर्ण आणि ५०० मिलिग्रॅम अर्क ही एक मात्रा नव्हे.

तेव्हा आज घरी गेल्यावर कपाटातली डबी काढा आणि तिला तीन प्रश्न विचारा. कोणती वनस्पती? कोणता भाग? चूर्ण की अर्क, आणि किती? तिन्ही उत्तरं मिळाली तरी गोळी गुणकारी ठरत नाही; तो प्रश्न वेगळा, आणि तो वैद्याला किंवा डॉक्टरांनाच विचारायचा. पण उत्तरंच मिळाली नाहीत, तर त्या डबीनं आपल्याला अजून काहीच सांगितलेलं नाही, एवढं आपण नक्की म्हणू शकतो.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून 'नैसर्गिक' या शब्दाकडे वळू.