न फुटलेला बाँब आणि बुडालेला मुलगा

गिएर्मो देल तोरोच्या ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ (2001) या स्पॅनिश चित्रपटात युद्ध जवळजवळ दिसतच नाही. साल 1939. जुलै 1936मध्ये सुरू झालेली स्पेनमधली यादवी आता संपत आलेली आहे आणि पारडं जनरल फ्रँकोच्या बाजूला झुकलेलं आहे. पडद्यावर मात्र रखरखीत माळावरचा एक अनाथाश्रम, त्याच्या चौकात नाक जमिनीत खुपसून उभा असलेला न फुटलेला बाँब आणि तळघरातल्या हौदाभोवती वावरणारं एका मुलाचं भूत, एवढंच. ना खंदक, ना रणगाडे. तरीही युद्धकाळातली भुताची गोष्ट कशी बांधावी, याचा इतका नेटका नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही. शेवट सांगितल्याशिवाय या बांधणीविषयी बोलता येणार नाही, तेव्हा चित्रपट पाहायचा राहिला असेल त्यांनी इथेच थांबावं.

युद्धकाळातले भयपट बहुधा एका ठिकाणी फसतात. युद्ध हे आधीच इतकं भयानक असतं की त्यात भूत आणलं तर ते पोरकट वाटतं. आणि भूत जमून आलं तर युद्ध मागच्या पडद्यासारखं नुसतं लटकत राहतं. देल तोरोने ही अडचण कथानकातच सोडवली आहे. या गोष्टीतून यादवी वजा करून पाहा. मुलं अनाथ का? त्यांचे बाप प्रजासत्ताकाच्या बाजूने लढताना मेले म्हणून. आश्रमाच्या तिजोरीत सोन्याच्या लगडी का? प्रजासत्ताकाच्या कामासाठी त्या जपून ठेवल्या आहेत म्हणून. म्हणजे घरात सोनं आहे आणि मुलांच्या ताटात मात्र धड काही नाही. सांती नावाचा मुलगा एका रात्री नाहीसा झाला, त्याचा कसून शोध का घेतला गेला नाही? अशा दिवसांत एखादं पोर पळून गेलं असेल, हे सगळ्यांना सहज पटतं म्हणून. युद्ध काढून घेतलं तर ना खून उरतो, ना भूत.

ही जुळणी एका दमात झालेली नाही. देल तोरोने गोष्टीचा पहिला आराखडा विद्यार्थिदशेत लिहिला होता आणि तो मेक्सिकन क्रांतीच्या काळात घडत होता. पुढे आंतोनिओ त्राशोर्रास आणि दाविद मुन्योस या स्पॅनिश लेखकांच्या पटकथेशी त्याची सांगड घातली गेली आणि गोष्ट स्पेनमध्ये आली. हे स्थलांतर मला मोलाचं वाटतं. यादवी हे घरातलं भांडण. तिथे शत्रू सीमेपलीकडून येत नाही, तो त्याच छपराखाली वाढलेला असतो. अनाथाश्रमातला खलनायकही तिथेच वाढलेला, एकेकाळचा अनाथ मुलगा असावा, ही कल्पना या मातीत आपसूक रुजली.

आता सुरुवातीची दोन मिनिटं. विमानाच्या पोटातून बाँब सुटतो. डोक्यातून रक्त वाहणारा एक मुलगा, त्याच्याजवळ घाबरून बसलेला दुसरा. मग पिवळसर पाण्यात बुडत जाणारा देह. या सगळ्यावर एक वयस्कर आवाज विचारतो की भूत म्हणजे नेमकं काय, आणि स्वतःच चारदोन उत्तरं सुचवून गप्प होतो. म्हणजे गुन्हा, साक्षीदार, प्रेताची जागा आणि गुन्ह्याची रात्र हे सगळं पटकथेने पहिल्या झटक्यात आपल्यापुढे ठेवलेलं आहे. आपल्याला ते वाचता येत नाही, इतकंच.

भुताच्या रूपातही हाच चोख हिशेब आहे. सांतीचा चेहरा तडा गेलेल्या चिनीमातीसारखा. कपाळावरच्या जखमेतून निघणारं रक्त खाली ओघळत नाही. धुरासारखं वर चढतं, हवेत विरघळतं. त्याच्याभोवती बारीक कण तरंगत असतात. पहिल्यांदा पाहताना हे नुसतं विलक्षण देखणं वाटतं. तो बुडून मेला हे कळल्यावर उलगडतं की त्याच्याभोवती अजूनही हौदाचं पाणीच आहे, आणि पाण्यात रक्त असंच वर चढतं. रंगभूषा इथे पुराव्याचं काम करते.

आश्रमातली मुलं या भुताला ‘उसासे टाकणारा’ म्हणतात. नव्याने आलेल्या कार्लोसला सांतीचाच बारा नंबरचा पलंग मिळतो. भूत त्याला सांगतं की तुमच्यातले पुष्कळजण मरणार आहेत. कार्लोसला, आणि आपल्यालाही, ती धमकी वाटते. पुढे कळतं की तो इशारा होता. भयपटात प्रेक्षकाला दचकवणं सोपं. भुताचं एकच वाक्य आधी एका अर्थाने आणि मग नेमक्या उलट अर्थाने ऐकायला लावणं अवघड. कार्लोस धीर करून त्याला काय हवं ते विचारतो, तेव्हा भूत एका माणसाचं नाव घेतं. वासना अडकलेलं भूत आपल्याला नवं नाही. या भुताची मागणी मात्र न्यायाची आहे.

मग तो बाँब. सांती मेला त्याच रात्री तो पडला. अधिकाऱ्यांनी तो निकामी केल्याचं मोठी माणसं सांगतात, पण मुलांना ते पटत नाही. आत त्याचं काळीज धडधडतंय, अशी त्यांची खात्री आहे. कार्लोस त्यालाच विचारतो, सांती कुठे आहे? बाँबला बांधलेली फीत वाऱ्याने सुटते, उडते आणि वाट दाखवते. एखाद्या देवाला कौल लावावा तसा तो मुलगा बाँबपुढे उभा आहे, आणि दिग्दर्शक त्याची जराही थट्टा करत नाही. खरी मेख पुढे आहे. प्रेक्षक चित्रपटभर त्या बाँबच्या स्फोटाची वाट पाहत राहतो. स्फोट होतो तो स्वयंपाकघरात, पेट्रोलच्या डब्यांनी, आश्रमातल्याच माणसाच्या हातून. आकाशातून आलेलं मरण निमूट उभं राहतं आणि घरातलं फुटतं. यादवीवरचं भाष्य देल तोरोने एकाही संवादाशिवाय केलं आहे.

तो माणूस म्हणजे हासिंतो, आश्रमाचा रखवालदार. एदुआर्दो नोरिएगाने तो देखणा आणि आतून कुजलेला असा उभा केला आहे. त्याला सोनं हवं आहे, आणि सोन्याइतकंच आपलं अनाथपण पुसून टाकायचं आहे. त्याच्यासमोर आहेत डॉक्टर कासारेस. फेदेरिको लुप्पी या अर्जेंटिनी नटाने हा विज्ञाननिष्ठ, कविता म्हणणारा, संचालिका कार्मेनवर मुक्याने प्रेम करणारा म्हातारा अविस्मरणीय केला आहे. त्यांच्या खोलीत बरण्यांमध्ये मृत अर्भकं ठेवलेली आहेत. पाठीचा कणा उघडा पडलेली. गावातले लोक त्या व्यंगाला सैतानाचा कणा म्हणतात, चित्रपटाचं नाव तिथूनच आलं. डॉक्टर कार्लोसला समजावतात की हे सारं दारिद्र्य आणि रोग यांचं फळ, भूतबीत काही नसतं. गावकरी त्या बरण्यांतलं पाणी पौरुषावरचं औषध म्हणून विकत घेतात, हेही ते हसत सांगतात. मुलगा निघून गेल्यावर ते स्वतःच त्यातला एक घोट घेतात. अंधश्रद्धेवर व्याख्यान देणाऱ्या माणसाची सगळी हतबलता त्या एका घोटात आहे. पुढे तेच पाणी विकायला ते गावात जातात, तेव्हा परदेशातून लढायला आलेल्या स्वयंसेवकांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या जाताना पाहतात. युद्ध असं एकदाच, थेट समोर येतं, आणि तिथून कथानकाला वेग येतो.

शेवटाची बीजंही आधीच पेरलेली आहेत. वर्गात मुलं मॅमथच्या शिकारीचा धडा शिकतात: एकट्याने न जमणारं काम आदिमानव भाल्यांनिशी टोळीने करत. शेवटी हीच मुलं काठ्यांना टोकं काढून हासिंतोला घेरतात. तो हौदात पडतो, कमरेला बांधलेलं सोनं त्याला खाली ओढतं आणि खाली सांती वाट पाहत असतो. दरम्यान कासारेस बंदूक घेऊन खिडकीत पहाऱ्याला बसल्या बसल्याच गेलेले असतात. तरी मुलांना कोंडलेल्या खोलीचं दार कुणीतरी उघडतं. आरंभीचा तो वयस्कर आवाज पुन्हा येतो, आणि ही गोष्ट आपल्याला एक भूतच सांगत होतं हे उमगतं.

उणीव आहे ती कोंचिताच्या पात्रात. हासिंतोला ठाम नकार देणाऱ्या या तरुणीच्या वाट्याला पटकथा हवी तेवढी आलेली नाही. तिचं मरण चटका लावतं, पण तिचं जगणं आपल्याला पुरतं कळलेलं नसतं. कार्मेन आणि हासिंतो यांच्या संबंधातला गुंताही दोन-तीन प्रसंगांत उरकला आहे. मारिसा परेदेसच्या अभिनयामुळे तो निभावतो.

2006मध्ये देल तोरो फ्रँकोच्या स्पेनकडे पुन्हा वळला आणि ‘पॅन्स लॅबरिंथ’ने जगभर नाव मिळवलं, तीन ऑस्करही मिळवले. त्यातलं एक छायालेखक गिएर्मो नव्हारोचं. ‘द डेव्हिल्स बॅकबोन’चा तो उन्हाने करपलेला पिवळा रंगही त्याचाच. डोळे दिपवण्यात ‘पॅन्स लॅबरिंथ’ सरस आहे, हे मान्य. पण युद्ध आणि भूत एकाच कथानकात कसे गुंफावेत हे शिकायचं असेल, तर आधी ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ पाहावा, आणि तोही दोनदा.