लोकशिफारस आणि साहित्यातील प्रतिनिधित्व : एक चिकित्सा

प्रास्ताविक

कोणती पुस्तके वाचली जावीत, कोणती अभ्यासक्रमात यावीत आणि कोणत्या लेखकांना 'महत्त्वाचे' म्हणावे, हा निर्णय दीर्घकाळ मोजक्या जाणकारांच्या हाती राहिला. या निर्णयप्रक्रियेत स्त्रिया, दलित, आदिवासी, कृष्णवर्णीय आणि इतर परिघावरील समूहांचे लेखन सातत्याने मागे पडले, हे आता सर्वमान्य आहे. त्यावर उपाय म्हणून गेल्या काही दशकांत एक मार्ग सुचविला जातो. तो असा की, निवडीचे दार सर्वसामान्य वाचकांसाठी खुले करावे; शिफारस करण्याचा अधिकार अनेकांना मिळाला की यादीतही अनेकांना स्थान मिळेल. अशा शिफारशीला प्रस्तुत लेखात 'लोकशिफारस' ही संज्ञा योजली आहे. लोकशिफारशीने प्रतिनिधित्व खरोखर सुधारते काय, सुधारत असल्यास कोणत्या अटींवर, याची चिकित्सा काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे करणे हा या लेखाचा हेतू आहे.

एकाच वर्षातील तीन याद्या

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी 1998 हे वर्ष विशेष उपयुक्त ठरते. त्या वर्षी अमेरिकेतील मॉडर्न लायब्ररी या प्रकाशनसंस्थेने विसाव्या शतकातील इंग्रजी भाषेतील 100 सर्वोत्तम कादंबऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. ती निवडणाऱ्या दहा सदस्यांच्या मंडळात ए. एस. बायट या एकमेव स्त्री होत्या. जेम्स जॉइस यांची 'युलिसिस' ही कादंबरी यादीत पहिली आली. शंभर पुस्तकांपैकी स्त्रियांची पुस्तके अवघी नऊ होती आणि पहिल्या दहांत एकही नव्हते. 1993 साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या टोनी मॉरिसन यांचे एकही पुस्तक या यादीत नव्हते. जाणकारांच्या निवडीविषयीचा आक्षेप येथे आकड्यांनीच सिद्ध होतो.

याच वेळी प्रकाशकाने वाचकांचे मतदानही घेतले. 20 जुलै ते 20 ऑक्टोबर 1998 या काळात 2,17,520 मते पडली. या मतदानातून तयार झालेल्या यादीत मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'ला स्थान मिळाले, तसेच मंडळाने वगळलेली हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' पाचव्या क्रमांकावर आली. मात्र पहिल्या दहांपैकी चार कादंबऱ्या आयन रँड यांच्या आणि तीन एल. रॉन हबर्ड यांच्या होत्या. पहिले दोन्ही क्रमांक रँड यांच्याकडे गेले. रँड यांच्या विचारसरणीचा आणि सायंटॉलॉजीचे संस्थापक म्हणून हबर्ड यांचा निष्ठावान अनुयायीवर्ग सर्वपरिचित आहे. दहापैकी सात जागा दोन लेखकांकडे जाव्यात, याचा अर्थ या यादीत वाङ्मयीन अभिरुचीपेक्षा संघटित निष्ठा अधिक मोजली गेली, असा लावणे भाग आहे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ संख्या पाहिली, तर वाचकांच्या यादीत स्त्रियांचे प्रतिनिधित्व विलक्षण वाढलेले दिसते. मंडळाच्या यादीतील पहिल्या दहांत स्त्रियांचे एकही पुस्तक नव्हते. वाचकांच्या यादीत ती संख्या पाच झाली. परंतु ही पाच पुस्तके दोनच लेखिकांची आहेत आणि त्यांपैकी चार एकाच लेखिकेची. प्रतिनिधित्व म्हणजे अनुभवांची विविधता असे मानल्यास येथे विविधता वाढली असे म्हणता येत नाही. डोकी मोजण्याची पद्धत किती फसवी असू शकते, याचा हा बोलका नमुना होय.

तिसरी यादी रॅडक्लिफ येथील प्रकाशनविषयक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी तयार केली. तिच्यात 'टु किल अ मॉकिंगबर्ड' चौथ्या, अ‍ॅलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल' पाचव्या आणि 'बिलव्हेड' सातव्या क्रमांकावर आली. म्हणजे पहिल्या सात पुस्तकांत तीन वेगवेगळ्या लेखिका, आणि त्यांपैकी दोन कृष्णवर्णीय. हे विद्यार्थी मंडळातील सदस्यांइतके नामवंत नव्हते आणि दोन लाख मतांइतके बहुसंख्यही नव्हते. ते बहुतांशी पुढच्या पिढीचे आणि पुस्तकांच्याच व्यवसायात शिरू पाहणारे वाचक होते. तिन्ही याद्यांची तुलना केली असता असे दिसते की, प्रतिनिधित्व शिफारस करणाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. शिफारस कोण करतो, कोठून करतो आणि ती कशी मोजली जाते, यावर ते अवलंबून असते.

मोजणीचे नियम

बीबीसीने 2003 साली ब्रिटनमध्ये राबविलेल्या 'द बिग रीड' या उपक्रमाने हाच मुद्दा वेगळ्या बाजूने स्पष्ट केला. लोकांना त्यांचे सर्वांत आवडते पुस्तक विचारण्यात आले. टॉल्किन यांचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' प्रथम आले, तर जे. के. रोलिंग यांची तोवर प्रसिद्ध झालेली हॅरी पॉटर मालिकेतील चारही पुस्तके पहिल्या पंचविसांत आली. सलमान रश्दी यांची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' शंभराव्या क्रमांकावर होती. अंतिम फेरीसाठी मात्र एका लेखकाचे एकच पुस्तक, असा नियम आयोजकांना करावा लागला. हा नियम हे एक प्रकारे मान्य करणेच होते की, मुक्त मोजणीत गाजलेल्याचीच पुनरावृत्ती होते.

याचे कारण प्रश्नाच्या स्वरूपात आहे. 'तुमचे सर्वांत आवडते पुस्तक कोणते?' या प्रश्नाचे उत्तर देताना वाचक आपल्यापर्यंत पोहोचलेल्या पुस्तकांतूनच निवड करतो. जे पुस्तक छापले गेले नाही, ग्रंथालयात आले नाही किंवा परीक्षेला लागले नाही, ते त्याच्या निवडीत येणार कोठून? मुद्रण, वितरण आणि शिक्षण या व्यवस्थांत पूर्वी झालेले अन्याय अशा रीतीने मतांच्या रूपाने परत येतात, आणि आता त्यांना लोकमान्यतेचा शिक्काही मिळतो. मंडळाच्या पक्षपातावर निदान टीका करता येते. लोकांनीच निवडलेल्या यादीवर आक्षेप घेणाऱ्याला लोकविरोधी ठरविणे सोपे असते.

मराठी संदर्भ

मराठी वाङ्मयव्यवहारातही हा प्रश्न नवा नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा 1878 च्या पुण्यातील ग्रंथकार सभेपासून मोजली जाते. 1885 च्या ग्रंथकार सभेच्या निमित्ताने महात्मा जोतीराव फुले यांनी न्यायमूर्ती रानडे यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. शूद्रातिशूद्रांच्या हिताचा विचार नसलेल्या सभेत आपल्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, ही त्या पत्राची भूमिका होती. प्रतिनिधित्वाचा प्रश्न मराठी ग्रंथव्यवहाराच्या आरंभीच उपस्थित झाला होता, याची ही साक्ष होय.

या परंपरेत पहिल्या स्त्री-अध्यक्ष होण्यास 1961 साल उजाडावे लागले. ग्वाल्हेर येथील संमेलनाच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे आल्या. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष या अध्यक्ष झाल्या. पहिल्या 91 संमेलनांत स्त्री-अध्यक्ष चारच होत्या. अध्यक्षनिवडीच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या असल्या, तरी दीर्घकाळ ही निवड संस्थांच्या मर्यादित मतदारांच्या मतदानाने होत होती. 2018 साली महामंडळाने निवडणूक रद्द करून घटक संस्थांनी सुचविलेल्या नावांतून सन्मानपूर्वक निवड करण्याची पद्धत स्वीकारली. त्यानंतरच्या 92 ते 98 या सात संमेलनांत अरुणा ढेरे (2019) आणि तारा भवाळकर (2025) या दोन स्त्रिया अध्यक्ष झाल्या. सात ही संख्या लहान असल्याने ठाम अनुमान काढणे योग्य नव्हे. शिवाय मधल्या काळात समाजाची दृष्टीही बदलली आहे. तरीही मतांची बेरीज थांबवून सुचविलेल्या नावांवर विचार करण्याची पद्धत आल्यावर प्रतिनिधित्व घटले नाही, एवढे निश्चित. अर्थात, नावे सुचविणाऱ्या संस्था त्याच आहेत. त्या संस्थांबाहेरचा वाचक या प्रक्रियेत कोठेही नाही, ही या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

शिफारशीची दुसरी परंपरा

मतदानाच्या स्वरूपाच्या लोकशिफारशीपेक्षा वेगळी अशी एक परंपरा आहे. झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी 1937 साली प्रसिद्ध झाली आणि पुढे दुर्लक्षित होऊन बाजारातून नाहीशी झाली. 1960 मध्ये हर्स्टन यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. 1975 साली अ‍ॅलिस वॉकर यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. त्या सुमारास काही प्राध्यापिका या कादंबरीच्या छायाप्रती काढून ती वर्गात शिकवीत होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील भाषा-साहित्याच्या अध्यापकांच्या अधिवेशनात कादंबरीच्या पुनर्मुद्रणाची मागणी करणारे निवेदन सह्यांसाठी फिरविण्यात आले, आणि 1978 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने ती पुन्हा छापली. आज ती अमेरिकन साहित्याच्या अभ्यासात सर्वत्र शिकविली जाते.

हीदेखील लोकशिफारसच होती. मात्र तिने क्रमांक मागितला नाही. पुस्तक उपलब्ध व्हावे एवढीच तिची मागणी होती. सह्या करणाऱ्यांची संख्या दोन लाख नव्हती, परंतु त्यांनी पुस्तक वाचलेले होते आणि ते का वाचले जावे याची कारणे त्यांच्यापाशी होती.

मराठीत ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या ग्रंथाचा प्रवास याच्याशी ताडून पाहता येतो. हा निबंध 1882 साली प्रसिद्ध झाला. 1885 मध्ये फुले यांनी 'सत्सार'मधून त्याची बाजू घेतली. एका समर्थ वाचकाची ही शिफारस होती. परंतु तिला जोड देणारे वाचक, नियतकालिके आणि अध्यापक मिळाले नाहीत. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत सुमारे नव्वद वर्षे गेली. पुढे इंग्रजी अनुवादामुळे तो भारतभरच्या आणि परदेशांतील स्त्री-अभ्यासात पोहोचला. याउलट, औरंगाबाद येथून निघणाऱ्या, गंगाधर पानतावणे यांनी संपादिलेल्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने दलित लेखकांना लिहिते केले, त्यांच्या लेखनाला वाचक मिळवून दिला आणि त्याची चर्चाही घडविली. एकाकी शिफारशीला जे बळ लाभत नाही, ते सातत्याने चालणाऱ्या व्यासपीठामुळे लाभते, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

अध्यापकांच्या दृष्टीने विचार

अभ्यासमंडळे, ग्रंथालय समित्या आणि पुरस्कारांच्या निवड समित्या यांवर महाविद्यालयीन अध्यापक काम करतात. त्यामुळे वरील विवेचन त्यांना थेट लागू पडते. अभ्यासक्रम 'सर्वसमावेशक' करण्यासाठी विद्यार्थ्यांकडून वा वाचकांकडून नावे मागविली जातात, तेव्हा अनेकदा अधिक वेळा आलेली नावे पुढे जातात आणि एकदाच आलेले नाव गळते. वास्तविक अल्पप्रतिनिधित्व असलेल्या समूहाच्या बाबतीत एकदाच आलेले नाव हेच सर्वांत मोलाचे असण्याची शक्यता असते. मेळघाटातील वा नंदुरबारमधील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या बोलीत लिहिणाऱ्या लेखकाचे नाव सुचविले, तर त्याला दुसरे मत मिळणार नाही, हे उघड आहे. ते नाव मोजले तर हरते. ते पुस्तक मागवून वाचले तरच त्याचा न्याय होऊ शकतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मोजणी सोडली तर निवड पुन्हा मूठभरांच्या मर्जीवर जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. मॉडर्न लायब्ररीच्या मंडळाने तो सार्थही ठरविला आहे. म्हणून शिफारस आणि निवड या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवून दोन्ही उघड असणे आवश्यक ठरते. नावे कोणालाही सुचविता यावीत, मात्र शिफारशीसोबत कारण असावे. आलेले प्रत्येक पुस्तक समितीतील किमान एका सदस्याने वाचावे. पुस्तक नाकारल्यास त्याचे कारण लेखी नोंदवावे. आणि समितीची रचनाच एका वर्गाची, एका लिंगाची वा एका शहराची नसावी. प्रश्नही बदलावा लागेल. 'आवडते पुस्तक कोणते?' असे विचारण्याऐवजी 'वाचले जायला हवे, पण मिळत नाही असे पुस्तक कोणते?' असे विचारले, तर उत्तरे वेगळी येतील.

समारोप

लोकशिफारशीमुळे प्रतिनिधित्व आपोआप सुधारते, हा विश्वास तपासणीत टिकत नाही. मुक्त मतदानात संघटित व सुपरिचित यांचाच वरचष्मा राहतो आणि जुनी विषमता लोकमताच्या नावाने पुन्हा प्रतिष्ठित होते. जाणकारांचे बंदिस्त मंडळही यावर उपाय ठरत नाही. लोकशिफारशीचे खरे सामर्थ्य दृष्टीआड राहिलेले लेखन समोर आणण्यात आहे. क्रमवारी लावण्याचे काम तिच्याकडून करून घेणे हा तिचा गैरवापर होय. फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतली, तेव्हा त्यांच्या शिफारशीमागे मतांची संख्या नव्हती. त्या शिफारशीचा आशय तेव्हाच गांभीर्याने वाचला गेला असता, तर मराठी वाचकांच्या तीन-चार पिढ्या एका मूलगामी ग्रंथाला मुकल्या नसत्या. आज आपल्यापुढे येणाऱ्या एकाकी शिफारशींचे काय होते, यावरच पुढील पिढ्यांच्या अभ्यासक्रमाचे स्वरूप ठरणार आहे.