रघोजी भोसल्यांची फिरंग आणि लिलावाचा पुरावा

ता. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथें सॉदबी या पेढीनें इस्लामी देश व हिंदुस्थान येथील कलावस्तूंचा लिलाव केला. त्यांत नागपूरकर भोसल्यांचें नांव धारण करणारी एक तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. सर्व खर्च धरून तिला सुमारें ४७ लक्ष १५ हजार रुपये पडले. ता. १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस आली व प्रभादेवी येथील पु. ल. देशपांडे कला अकादमींत लोकांस दाखविण्यांत आली. या खरेदीचें सर्वत्र स्वागत झालें आणि तें योग्यच झालें. परंतु जेथें स्वागत संपतें तेथें संशोधकाचें काम सुरू होतें. वस्तु घरीं आली. तिच्याबरोबर तिचा पुरावा किती आला, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत पाहावयाचा आहे.

तलवारीचें पातें सरळ, एकधारी व युरोपांत घडलेलें आहे. मूठ देशी घडणीची असून तीवर सोन्याची नक्षी आहे. पात्यावर सोन्यानें नागरी लिपींत लेख घातला आहे. त्याचें प्रसिद्ध झालेलें वाचन ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ असें आहे. अखेरचा शब्द वस्तूचें जातिनाम होय. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून युरोपी पातीं येत, त्यांस दक्षिणेंतील कारागीर आपल्या पद्धतीची मूठ बसवीत, आणि अशा तलवारीस फिरंग म्हणत. म्हणजे आपण जी वस्तु परदेशांतून परत आणली तिचें अर्धें अंग मुळांत परदेशचेंच आहे. यांत कमीपणा कांहींच नाहीं. मराठ्यांनीं चांगलें पोलाद जेथें मिळालें तेथून घेतलें व त्यावर आपलें नांव आपल्या लिपींत घातलें, हीच या तलवारीची पहिली आणि निर्विवाद साक्ष होय.

आतां लेखाकडे वळूं. त्यांत विभक्तिप्रत्यय एकहि नाहीं. ‘यांची’ असें षष्ठीचें रूप असतें, तर स्वामित्व ठरलें असतें. ‘यांस’ असें असतें, तर कोणी तरी ती नजर केली असें म्हणतां आलें असतें. ‘यांनीं’ असें असतें, तर त्यांनीं ती करविली किंवा दिली असें निघालें असतें. प्रत्ययाच्या अभावीं हा सर्व मजकूर एक लांब समासच समजावा लागतो, आणि समासाचा विग्रह संदर्भावांचून होत नसतो. षष्ठीतत्पुरुष हा येथें सर्वांत स्वाभाविक विग्रह आहे, हें मान्य. तथापि सरदारानें स्वतः कमरेस बांधलेली तलवार, त्याच्या शस्त्रागारांत जमा असलेली तलवार आणि त्याच्या नांवानें दुसऱ्यास बक्षीस दिलेली तलवार या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि लेख तिन्हींस सारखाच लागू पडतो. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस हा प्रकार नवा नाहीं. पुष्पिकेंत राजाचें नांव आलें म्हणून ती पोथी राजानें वाचली असें कोणी म्हणत नाहीं. ती त्याच्या काळीं, त्याच्या राज्यांत लिहिली गेली, एवढेंच त्यावरून निघतें.

दुसरी अडचण खुद्द नांवाची आहे. नागपूरकर घराण्याच्या गादीवर रघोजी नांवाचे तीन पुरुष झाले. पहिले रघोजी हे राज्याचे संस्थापक. १७४० सालीं कर्नाटकाच्या मोहिमेंत त्यांनीं दमलचेरीच्या घाटांत अर्काटच्या दोस्त अलीचा पराभव केला. पुढें बंगाल व ओरिसा या प्रांतांवर स्वाऱ्या करून १७५१ सालीं अलीवर्दीखानास तह करण्यास भाग पाडलें. १७५५ सालीं ते वारले. दुसरे रघोजी १८१६ सालीं आणि तिसरे १८५३ सालीं वारले. सेनासाहेब सुभा हें पद पहिल्या रघोजींच्या पूर्वीं त्यांचे चुलते कान्होजी यांजकडे होतें, आणि पुढें दुसऱ्या रघोजींकडेहि चालत आलें. तेव्हां नांव व पद यांची जोडी एकाच पुरुषास लागू पडते असें नव्हे. तलवार पहिल्या रघोजींची ठरविली आहे, तो निर्णय बरोबर असण्याचा संभव पुष्कळ आहे. परंतु अक्षरांचें वळण, सोन्याच्या कामाची तऱ्हा, मुठीची घडण अशा लेखाबाहेरच्या प्रमाणांवरच तो उभा राहूं शकतो. तीं प्रमाणें एकेक करून मांडलीं गेलीं पाहिजेत. बक्षिसाची रक्कम कागदावर आहे आणि कोणास दिली तें मोघम आहे, असा कागद आपण दफ्तरांत पाहिला तर लगेच शंका घेतों. मग सोन्यानें लिहिलें म्हणून शंका सोडण्याचें कारण काय?

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मार्गाचा आहे. ही तलवार नागपुराहून लंडनपर्यंत कशी गेली? खरेदीच्या वेळीं १८१७ च्या लुटीचा मार्ग लोकांपुढें ठेवण्यांत आला. त्या सालच्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि नागपूर इंग्रजांच्या हातीं गेलें. त्या गोंधळांत शस्त्रें गेलीं असणें अगदीं शक्य आहे. परंतु दुसरा मार्गहि तितकाच मोकळा आहे. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघोजी पुत्रावांचून वारले, डलहौसीनें राज्य खालसा केलें, आणि पाठोपाठ वाड्यांतील हत्ती, घोडे, बैल लिलावांत विकण्यांत आले व जवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत पाठविण्यांत आलें. ही हकीकत १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन के या इंग्रज ग्रंथकारानेंच नोंदविली आहे. तिसरा मार्ग नजराण्याचा. रेसिडेंटास व त्याच्या अधिकाऱ्यांस शस्त्रें भेट देण्याचा रिवाज सर्वच दरबारांत होता.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. लुटलेली वस्तु न्यायानें परत मागतां येते. लिलावांत गेलेल्या वस्तूची पावती दाखविली जाते. मग तो लिलाव करण्याचा अधिकार कोणास होता हा वाद वेगळ्या भूमीवर घालावा लागतो. नजराण्याविषयीं तर मागणीच उरत नाहीं, खरेदीच करावी लागते. एका तलवारीविषयीं लूट हा शब्द आपण पुराव्यावांचून वापरला, तर उद्यां जेथें लूट कागदोपत्रीं सिद्ध आहे तेथेंहि समोरचा पक्ष हाच दाखला पुढें करील. टिपू सुलतानाच्या शयनगृहांतील तलवार २३ मे २०२३ रोजीं लंडनच्या बॉनहॅम्स या पेढींत सुमारें १ कोटि ४० लक्ष पौंडांस गेली. ती श्रीरंगपट्टणच्या पाडावांत हातीं लागली व सैन्यानें सेनापति बेअर्ड यास अर्पण केली, हें तिच्या पात्यावरच कोरलेलें आहे. नेणाऱ्यानेंच नेल्याची नोंद लिहून ठेविली, म्हणून तेथें वादास जागा राहिली नाहीं. असा पुरावा आणि तर्क यांस एकाच मापानें मोजूं नये.

याच्या नेमकें उलट उदाहरण वाघनखांचें आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या मुदतीनें उसनीं आणून साताऱ्यास ठेवण्यांत आलीं. तीं साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याजकडून त्या घराण्यांत आलीं, हा मार्ग त्यांच्या पेटीवरील मजकुरानें कळतो. पण तींच शिवाजी महाराजांच्या हातचीं होत काय, याची खात्री देतां येत नाहीं असें खुद्द संग्रहालयाचें म्हणणें आहे. म्हणजे वाघनखांस मार्ग आहे, नांवाचा आधार नाहीं; तलवारीस नांव आहे, मार्गाचा आधार सिद्ध व्हावयाचा आहे. दोन्ही ठिकाणीं लोकांच्या भक्तीनें अर्धा पुरावा पुरा मानला. भक्ति मोलाची खरीच. परंतु ती पुराव्याची भरपाई करूं शकत नाहीं.

नांव, घडविणारा, साल आणि मार्ग हीं सर्व ज्या वस्तूस आहेत तिची लिलावांत काय गति झाली, तें पाहावयास आम्हां भूम तालुक्याच्या लोकांस फार दूर जावें लागत नाहीं. शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यांत एके काळीं मलिक-इ-मैदान ही तोफ होती. १५४९ सालीं बुऱ्हाण निजामशहाच्या वेळीं अहमदनगरास रूमी कारागिरानें ती ओतली. तेथून ती परांड्यास आली. १६३२ सालीं विजापुरास गेली. ओतणाऱ्याचें नांव तीवर आहे, आणि विजापूर घेतल्यावर औरंगजेबानें आपलाहि लेख तीवर घातला. इतकी स्वतःची बखर अंगावर वागविणारी दुसरी वस्तु दक्षिणेंत विरळा. १८५४ सालीं साताऱ्याच्या कमिशनराच्या हुकुमानें ती लिलावांत काढली, तेव्हां सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची आली. धातूच्या भावासहि ती पुरेशी नव्हती. अखेर अधिकाऱ्यांनाच ती वस्तु विकूं नये असें वाटून विक्री रहित झाली, म्हणून ती आजहि विजापुरांत आहे. किंमत आणि प्रामाण्य यांचा कांहीं संबंध नाहीं, हें यावरून स्पष्ट व्हावें. ज्या दिवशीं घेणारा कोणी नव्हता त्या दिवशीं तोफेचा इतिहास कमी झाला नव्हता. आणि ४७ लक्ष रुपये मोजल्यानें तलवारीचा इतिहास एका ओळीनेंहि वाढला नाहीं.

लिलावाच्या छापील यादीचा स्वभाव येथें लक्षांत घ्यावा. त्या पेढ्या युरोपी चित्रेंहि विकतात. नामांकित चित्रकाराचें चित्र असलें म्हणजे त्याचे एकामागून एक धनी, तें कोणत्या प्रदर्शनांत होतें, कोणत्या ग्रंथांत छापलें, याची वंशावळ दिलेली असते. आशियांतील वस्तूखालीं पुष्कळदां ‘एक खासगी युरोपी संग्रह’ एवढ्यावरच भागवितात. यादी लिहिणारे अडाणी असतात असें नव्हे. कित्येक चांगले विद्वान् आहेत. पण यादी विकण्याकरितां लिहिलेली असते, आणि विकणाऱ्याच्या साक्षीस जितकें वजन द्यावें तितकेंच तीस द्यावें.

‘इतकी चिकित्सा करीत बसलें असतें तर तलवार दुसऱ्याच्या तिजोरींत गेली असती’ असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. जुन्या काळीं बाहेर गेलेल्या वस्तूंस १९७० चा आंतरराष्ट्रीय करार मागें जाऊन लागू होत नाहीं, आणि आपला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा देशांतील वस्तु बाहेर जाऊं नये म्हणून आहे. बाहेरच्या वस्तूस तो ओढून आणीत नाहीं. तेव्हां बोली लावणें हाच उपाय होता. चिकित्सा बोलीच्या आधीं पुरी होत नसेल तर नंतर व्हावी. पण ती झाल्यावांचून कांचेच्या पेटीवर निर्णय लिहूं नये.

यासाठीं चार गोष्टी व्हाव्यात. लेखाचें मूळ आकाराचें छायाचित्र सर्वांस मिळावें. पात्यावर युरोपी कारखान्याची खूण असल्यास ती वाचून तिचा काळ ठरवावा. पूर्वीच्या धन्यांविषयीं पेढीनें जें सांगितलें असेल तें जसेंच्या तसें मराठींत छापावें. आणि १८१७ व १८५४ या दोन्ही सालांचे नागपूरचे कागद या एका तलवारीसाठीं पुन्हां चाळावेत.

संग्राहक वाचकांसहि एक विनंति आहे. वरील कायद्यांत पुरावस्तूस शंभर वर्षांची अट आहे, पण हस्तलिखितास पंचाहत्तरच वर्षांची. म्हणजे आपल्या घरांतील बहुतेक बाडें त्यांत येतात. प्रत्येक बाडाबरोबर तें कोणत्या गांवीं, कोणाच्या घरांतून, कोणत्या सालीं, विकत कीं देणगीनें मिळालें, हें एका चिठ्ठीवर लिहून ठेवावें. नागपूरच्या वाड्यांतील कोणा कारकुनाची अशी एक ओळ आज हातीं असती, तर या लेखाचें प्रयोजनच उरलें नसतें.

ईट, ता. भूम