गृहनेटवर्कमधील उपकरणशोध : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प आणि बराक यांचे क्रमांक हीच तेथील पत्त्याची ओळख ठरली. कॅम्प २ सारख्या व्यापारी भागात तळमजल्यावर दुकान आणि वर राहते घर अशी रचना आढळते. अशा इमारतीत दुकानासाठी एक राउटर असतो आणि त्याला जोडून घरासाठी दुसरा बसविला जातो. मग दुकानातील प्रिंटर घरातील संगणकाला 'सापडत नाही'. दोष प्रिंटरला किंवा वापरणाऱ्याच्या अज्ञानाला दिला जातो. हा दोष मूलतः शोधपद्धतीच्या गृहीतकात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पद्धतीचे स्वरूप :
अॅपल कंपनीने २००२ मध्ये 'राँदेव्हू' आणि २००५ पासून 'बाँजूर' या नावाने ही पद्धत प्रचारात आणली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या दस्तऐवजाने तिला प्रमाणित रूप मिळाले. येथे मध्यवर्ती नोंदवही नसते. उपकरण २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न पाठविते आणि ज्याच्याकडे ती सेवा आहे ते उत्तर देते. थोडक्यात, ही आळीत दिलेली हाक आहे. मात्र या पत्त्यावरील संदेश राउटरने पुढे पाठवावयाचे नाहीत, असा नियमच आहे. त्यामुळे हाक नेटवर्कच्या एकाच खंडापुरती राहते.

गृहीतकाची मर्यादा :
'एक घर म्हणजे एक खंड' हे गृहीतक २००२ साली बव्हंशी खरे होते. आज सुरक्षेसाठी कॅमेरे, दूरदर्शन संच आणि पाहुण्यांची उपकरणे वेगळ्या खंडात ठेवावीत असा सल्ला दिला जातो. म्हणजे जो नियम पाळून सुरक्षा साधावयाची, त्याच नियमाने सोय हरवते. परिणामी अनेकजण विभागणीच रद्द करतात.

दोन राउटरच्या रचनेत आणखी एक बारकावा आहे. घरचा राउटर दुकानाच्या राउटरमागे असल्यास घरातील संगणक प्रिंटरच्या अंकीय पत्त्यावर थेट जाऊन छपाई करू शकतो. उलट दिशेने, दुकानातून घरातील उपकरणापर्यंत, सहसा जाता येत नाही. यावरून 'सापडणे' आणि 'पोहोचणे' या दोन भिन्न क्रिया आहेत हे स्पष्ट होते.

उपायांचे मूल्यमापन :
विभागणीची गरजच नसेल तर दुसरा राउटर केवळ 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून चालविणे हा सर्वांत सोपा उपाय होय. गरज असेल तर 'अवाही' या मुक्त प्रणालीतील परावर्तकाची सोय वापरता येते. तो एका खंडातील हाक दुसऱ्या खंडात पुन्हा देतो. मात्र त्यामुळे उपकरणांची नावे व प्रकारही पलीकडे उघड होतात. शिवाय प्रत्यक्ष जोडणीची परवानगी फायरवॉलमध्ये स्वतंत्रपणे द्यावी लागते. काही उपकरणे वापरतात ती २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावरील दुसरी शोधपद्धत या परावर्तकाच्या कक्षेत येत नाही.

शैक्षणिक संस्थांनाही हा प्रश्न भेडसावला आहे. २०१२ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील नेटवर्क-व्यवस्थापकांनी अॅपलकडे याबाबत सार्वजनिक मागणी केली होती. पुढे जुलै २०१५ च्या आरएफसी ७५५८ मध्ये गरजांची मांडणी झाली आणि जून २०२० च्या आरएफसी ८७६६ मध्ये 'शोध-प्रतिनिधी'ची योजना आली. त्यात प्रतिनिधी आपल्या खंडात हाक देतो आणि मिळालेले उत्तर बाहेरच्या विचारणाऱ्याला थेट कळवितो. बाहेरच्या विचारणाऱ्यासाठी हाकेच्या जागी थेट विचारणा येते, हे तिचे तात्त्विक महत्त्व होय. तथापि घरगुती राउटरमध्ये ही सोय सर्रास आढळत नाही.

निष्कर्ष :
मूळ पद्धत सदोष म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिने सामान्य माणसाला क्रमांक पाठ करण्यापासून मुक्त केले. परंतु आळीत हाक पुरते आणि दुसऱ्या कॅम्पातील घर गाठावयाचे तर बराकीचा क्रमांक लागतो, हे उल्हासनगरकरांस सांगावयास नको. कोण आहे हे कळणे आणि त्याच्यापर्यंत जाण्याची मुभा असणे हे दोन निर्णय राउटरनिर्मात्यांनी सोप्या भाषेत, स्वतंत्रपणे वापरणाऱ्याच्या हाती द्यावयास हवेत. तोवर सुरक्षितता आणि सोय यांपैकी एकाची निवड करण्याचा भार अकारण त्याच्यावरच राहील.