कंपनी खोटी, खेळ खरा

मराठी माणूस बंगळूरच्या चिकपेटला जातो तो बहुधा लग्नाचा बस्ता बांधायला. रेशमी साड्यांच्या त्या दुकानांपासून थोडं चाललं की एस. पी. रोड लागतो आणि माल एकदम बदलतो. रेझिस्टर, कपॅसिटर, वापरलेले लॅपटॉप, केबलींची भेंडोळी, रास्पबेरी पाय. जुने व्हिडिओ गेम आज खेळायचे तर जे सुटं सामान लागतं ते बहुतेक या रस्त्यावर मिळून जातं. टीव्हीला मागून खोचायची चिनी काडी किंवा चारशे खेळ भरलेला खिशात मावणारा डबा घेतला की जपानी कंपन्यांचं अख्खं दशक घरी येतं. ज्या यंत्रावर आपण हे खेळ पहिल्यांदा खेळलो, ते मागितलं तर मात्र दुकानदार बहुधा हसेल.

जुन्या गेमच्या हौशी लोकांचा मेळा बंगळूरमध्ये जमावा हे स्वाभाविकच आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या गेम कंपन्यांपैकी एक, ध्रुव इंटरॅक्टिव्ह, १९९७ साली याच शहरात निघाली. २०१९ मध्ये ती रॉकस्टारने घेतली. पस्तिशी-चाळिशीतले, हातात सोल्डरिंग गन धरता येणारे, बऱ्या पगाराचे लोक इथे ढिगाने आहेत. फोनवरच्या गटांतून ते एकमेकांना सापडतात, एखाद्या रविवारी कुणाच्या तरी घरी जुना पेटी-टीव्ही लावून बसतात. त्यांचं तंत्राचं ज्ञान खरोखर वरच्या दर्जाचं आहे. ‘डक हंट’ची बंदूक सपाट टीव्हीवर का चालत नाही हे त्यांतला कुणीही सांगेल: चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन टिपतो. नव्या टीव्हीवर तो चौकोन उमटायला जो किंचित उशीर होतो, तेवढ्यात नेम चुकतो. हे सगळं पाठ आहे. पण आपल्याकडच्या गेमच्या कॅसेटच्या पोटात काय होतं, ती कुणी भरली, तिच्या यादीतला बेचाळिसावा खेळ कोणता, हे विचारलं की मंडळी गप्प होतात.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. हा समाज जपानचा आणि अमेरिकेचा इतिहास जमवतो आहे, स्वतःचा टाकून देतो आहे. गटात एखाद्या वस्तूचा फोटो आला की पहिला प्रश्न येतो: अस्सल की नकली? उत्तर ‘नकली’ आलं की बोलणं संपतं. वास्तविक तिथून ते सुरू व्हायला हवं, कारण भारतात नकली वस्तू हीच मूळ वस्तू होती.

तसं होण्याला कारण पैसा आणि जकात. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आला. तो भारतात ‘समुराई’ या नावाने विकला गेला. ‘मीडिया’चा ‘लिटल मास्टर’ ही त्याचीच नक्कल. पुढे ‘टर्मिनेटर’ छापाची तैवानी-चिनी यंत्रं आली आणि त्यांनी बाजार व्यापला. सरळ मार्गाने येऊ पाहणाऱ्यांचं काय झालं ते सेगाला विचारावं. व्हिडिओ गेमवर ऐंशी टक्के आयात शुल्क होतं. ते चुकवता यावं म्हणून सेगाने शॉ वॉलेसशी करार केला. दारूच्या धंद्यातली ही कंपनी सेगाचं मेगा ड्राइव्ह हे यंत्र विकणार होती, आणि किंमत होती अठरा हजार रुपये. १९९५ सालच्या पगारदार घरात अठरा हजारांचं खेळणं कोण आणणार? साहजिकच रस्त्यावरची नक्कल जिंकली, आणि एका अख्ख्या पिढीची खेळाची भाषा तिने घडवली. त्या भाषेत कन्सोलला टीव्ही गेम म्हणत, कार्ट्रिजला कॅसेट, आणि कंट्रोलरला चक्क रिमोट.

या कॅसेटींकडे कलेचा नमुना म्हणून कुणी पाहिलेलं नाही. पाहण्यासारखं खूप आहे. पाटीवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं असे. आत मोजकेच खेळ, तेच पुन्हा पुन्हा. मात्र प्रत्येक आकड्याला थोडा फरक. कुठे ‘मारिओ’ थेट चौथ्या जगात सुरू होई, कुठे ‘कॉन्ट्रा’त तीस जीव आधीच मिळालेले असत. मूळ कंपनीचं नाव पडद्यावरून खरडून काढलेलं. सोबत पुस्तिका नाही, कथा नाही. जपानी मुलाला राजकन्येची गोष्ट ठाऊक होती, आपल्या मुलाला गोष्टीच्या मधोमध सोडून दिलेलं होतं. लेखक पुसलेली, सुरुवात हरवलेली कृती हजारो घरांत एकाच वेळी चालू होती आणि जो तो आपल्या मनाने तिचा अर्थ लावत होता. समीक्षकाला यापेक्षा जास्त काय हवं?

जगभरच्या संग्राहकांनी या कॅसेटींतल्या खेळांच्या फायली कधीच्या वेगळ्या काढल्या आहेत. ‘गुड-एनईएस’ या जुन्या सूचीत प्रत्येक फाइलीपुढे खूण असे: उद्गारचिन्ह म्हणजे तपासलेली शुद्ध प्रत, ‘पी’ म्हणजे चोरटी, ‘एच’ म्हणजे फेरफार केलेली, ‘बी’ म्हणजे बिघडलेली. मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, शिरलेले अपपाठ काढले, आणि ते योग्यच केलं; त्यांना ज्ञानदेवांची ओवी हवी होती. पण मधल्या तीनशे वर्षांत माणसं प्रत्यक्षात काय म्हणत होती हे ज्याला शोधायचं असेल, त्याला गाळलेले पाठच लागतील. आपलं सगळं खेळणं त्या ‘पी’ आणि ‘एच’ खुणांच्या मागे आहे, आणि आपलेच हौशी लोक ती फाइल पुसून उद्गारचिन्हाची उतरवून घेतात.

दुसऱ्यांनी असं केलेलं नाही. रशियात डिसेंबर १९९२ मध्ये ‘डेंडी’ नावाने आलेलं यंत्रही फॅमिकॉमची उघड नक्कलच. तिथल्या लोकांनी तिचा वेग, तिचं घड्याळ, तिचे दोष इतके बारकाईने नोंदवले की आज चांगल्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जपानी-अमेरिकन आणि युरोपीय यांच्या जोडीला ‘डेंडी’ असा तिसरा पर्याय असतो. ब्राझीलमध्ये टेकटॉय या कंपनीने सेगाच्या एका खेळातला नायक काढून तिथल्या चित्रकथेतली मोनिका बसवली. त्या १९९१ च्या खेळाबद्दल ब्राझीलचे लोक आजही प्रेमाने बोलतात. ‘समुराई’ किंवा ‘लिटल मास्टर’ असा पर्याय मला कुठल्याही इम्युलेटरमध्ये दिसलेला नाही.

घराबाहेरच्या व्हिडिओ गेम पार्लरची कथा तर याहून नामी. भारतात ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणतात तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. चार पात्रांतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा चपळ, त्याची धावत येऊन मारलेली लाथ बसली की समोरचा आडवा. म्हणून पोरांनी खेळालाच त्याचं नाव दिलं. अमेरिकी चित्रकथेवरचा जपानी खेळ एका दुय्यम पात्राच्या नावाने ओळखला जावा, हा आपल्या रसिकतेचा स्वतंत्र निकाल होता. हा खेळ घरच्या यंत्रासाठी अधिकृतपणे कधीच निघाला नाही. म्हणजे देशातल्या सर्वांत लाडक्या खेळांपैकी एक विकत घेऊन घरी खेळायची सोयच नव्हती.

आता पार्लरातल्या यंत्रात असलेल्या या खेळाच्या सर्किट बोर्डाकडे पाहा. कॅपकॉमने चोरी रोखण्यासाठी या बोर्डाच्या एका प्रोसेसरला बॅटरी जोडली होती. प्रोग्रॅम उलगडायची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर टिकते. ती संपली की किल्ली पुसली जाते आणि अस्सल बोर्ड कामातून जातो. चोरट्यांनी केलेल्या बोर्डात हा भागच काढून टाकलेला, आवाजासाठी स्वस्तातली दुसरी चिप. त्याचं संगीत मुळापेक्षा वेगळं आणि हिणकस, पण बॅटरीच नसल्याने तो या कारणाने मरत नाही. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘मेम’ या इम्युलेटर प्रकल्पाने असे चोरटे बोर्डही मुळाच्या शेजारी, स्वतंत्र नोंद देऊन ठेवले आहेत. ज्याच्या गल्लीतल्या पार्लरात तो बोर्ड होता त्याच्या कानातला ‘मुस्तफा’ त्या नोंदीत आहे, अस्सल बोर्डात नाही. आपल्याकडच्या किती जणांनी ती नोंद उघडून पाहिली असेल याची मला शंका आहे.

खुद्द बंगळूरच्या पार्लरांची नोंद कुठे सापडते? पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांत. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना घ्यायला लावणारा बंगळूर शहरासाठीचा आदेश १९८९ चा. त्याविरुद्ध व्हिडिओ गेमवाले थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात १९९५ साली निकाल लागला आणि परवान्याची अट कायम राहिली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, त्यात पैसा लागतो का, पोरं शाळा बुडवतात का, या सगळ्याची चर्चा तिथे आहे. गेमिंगच्या इतिहासाच्या भारतीय साधनांत मी हा निकाल फार वर ठेवेन. हौशी मंडळींच्या गप्पांत त्याचा उल्लेख माझ्या तरी कानावर आलेला नाही. ज्या अंधाऱ्या खोल्यांची आठवण काढून डोळे ओले होतात, त्या सरकारदरबारी जुगाराच्या संशयित जागा होत्या. हे आठवणीत बसत नाही म्हणून गळतं.

आणखी एक गळतं. पार्लरात मुली नव्हत्या. असल्या तर भावाबरोबर, दाराशी. त्यांचा खेळ घरातल्या टीव्हीपुढे झाला, किंवा हातातल्या काळ्या-करड्या ‘ब्रिक गेम’वर. तरीही जुन्या दिवसांवरचं लेखन वाचलं की असं वाटतं, नव्वदच्या दशकात फक्त मुलगे जन्माला आले. मराठीत तर याबद्दल समीक्षा म्हणावी असं काही लिहिलंच जात नाही. ‘आमच्या लहानपणी’ म्हणून सुरू होणाऱ्या याद्या येतात: मारिओ, कॉन्ट्रा, कॅसेटमध्ये मारलेली फुंकर. फुंकरीने काही होत नसे. कॅसेट पुन्हा बसवल्याने संपर्क जुळत असे. एवढंही कुणी त्या यादीत दुरुस्त करत नाही.

चित्रपटांचं असंच झालं होतं. मूकपटांची कितीतरी रिळं त्यांतल्या चांदीसाठी विकली गेली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, पी. के. नायर यांच्यासारखा माणूस गावोगाव हिंडला, म्हणून फाळक्यांचं जे उरलं होतं ते तरी हाती राहिलं. गेमच्या बोर्डांना चांदीऐवजी सोनं असतं, टोकाच्या पट्ट्यांवर मुलाम्यापुरतं. चिकपेट-नगरथपेठेच्या सराफी गल्ल्यांत सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीची गलाई करणारी आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळत आली आहेत. त्यांचा धंदा दागिन्यांचा. पण ई-कचऱ्यातून सोनं काढणारा वेगळा धंदा आता देशभर आहे, आणि भंगारात गेलेल्या बोर्डाला तिथे वजनावर भाव मिळतो. बोर्डातल्या प्रोग्रॅमला कसलाच नाही.

कायदाही मदतीला येत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो, त्यामुळे ‘मारिओ’ कायद्याच्या लेखी कादंबरीच्या पंक्तीला बसतो. कादंबरी निदान ग्रंथालयात मिळते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी सत्याऐंशी टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. हा कंपन्यांनी सोडलेला वारसा आहे. आणि कंपन्या तो परत हाती घेतात तेव्हा काय होतं याचा मासला पुण्यानेच पाहिला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या खेळाची नवी आवृत्ती यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई शाखांकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये झलक दाखवली, चित्रं जुनाट म्हणून जगभर टिंगल झाली, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं.   

मला हवी असलेली नोंद साधी आहे. एक कॅसेट घ्यावी. पाटीचा फोटो, उघडून आतल्या बोर्डाचा फोटो, यादी पडद्यावर कशी दिसते, कुठल्या गावच्या दुकानातून आली, भाड्याने मिळत असेल तर दिवसाला काय पडे. आतल्या चिपवर काळ्या राळेचा गोळा असला तरी टोकाच्या साठ पट्ट्यांतून मजकूर वाचून घेता येतो. अडचण एवढीच की खेळांची अदलाबदल करणारी जुळणी प्रत्येक चोरट्या बोर्डात निराळी असते, ती बसून ओळखावी लागते. असं काम लीलया करतील असे इंजिनियर बंगळूरमध्ये रग्गड आहेत. त्यांतले बरेच सध्या जपानहून मागवलेल्या फॅमिकॉमचं पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून गच्चीवरच्या उन्हात पुन्हा पांढरं करण्यात गुंतले आहेत.